एक्स१, जीएलए की क्यू३? चार महिने, तीन गाड्या आणि बाबांचा गुडघा

शोरूमात एसी फुल, कॉफी आलेली, सेल्सवाला पोरगा डॅशबोर्डवर चौसष्ट रंगांची लाईट एकेक करून दाखवतोय, बायको पुढच्या सीटवर बसून खूश, आणि मागनं बाबांचा आवाज, "आरे, हांगा पांय खंय दवरपाचे?" म्हणजे इथे पाय कुठे ठेवायचे?

पोरगा गप्प. मी पण गप्प. २०२५ च्या जूनमधल्या त्या दुपारपर्यंत माझ्या मनात मर्सिडीज जीएलए पक्की होती. युट्यूबवर दोन महिने व्हिडिओ बघून झाले होते, एक्सेल शीट बनवली होती, हॉर्सपॉवर, टॉर्क म्हणजे खेचायची ताकद, बूट म्हणजे डिकी, सगळं भरलेलं, आणि त्या शीटमध्ये बाबांच्या गुडघ्याचा कॉलमच नव्हता.

आमची माहिती थोडक्यात देतो म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. घर फोंड्याला, धंदा औषधांच्या होलसेलचा, घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि बाबा. बाबांचा उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही आणि माणूस पाच फूट दहा. आठवड्यातून एकदा माझी बेळगावची फेरी असते, चोर्ला घाटानं. सध्याची गाडी डिझेल क्रेटा, आठ वर्षं झाली, तिची काहीच तक्रार नाही खरं तर, पण पन्नाशी जवळ आली आणि म्हटलं एकदा तरी लक्झरी गाडी घेऊया, बीएमडब्ल्यू एक्स१, मर्सिडीज जीएलए नाहीतर ऑडी क्यू३. असल्या गाडीला गरज वगैरे कारणं द्यायची नसतात, हौस आहे ती हौस. भावोजी म्हणाले त्या पैशात इनोव्हा हायक्रॉस घे आणि उरलेल्यात प्लॉटला कंपाऊंड घाल. बरोबरच बोलले, ऐकलं नाही.

मी कशी चालवली ते पण सांगतो कारण तिन्ही सारख्याच चालवल्या असं नाही. जीएलए शोरूमची, दोनदा, हायवेला. एक्स१ पेट्रोल शोरूमची, आणि एक्स१ डिझेल बायकोच्या मावसभावाची, तो म्हापशाला असतो, त्याच्याकडनं अख्खा रविवार मिळाली. क्यू३ माझ्या साखळीच्या डॉक्टर मित्राची, ती तर मी सरळ घाटातच घातली. म्हणजे क्यू३ ला जरा जास्त न्याय मिळाला असेल, धरून चाला.

आता गाड्या.

जीएलए. दिसायला अंदर बाहेर हीच सगळ्यात श्रीमंत वाटते, यात वादच नको. ते गोल विमानासारखे एसी व्हेंट, सव्वादहा इंचाचे दोन स्क्रीन एकाला एक जोडून, रात्री ती लाईट. सध्याची जीएलए म्हणजे २०२१ ला आलेली दुसरी पिढी, तिला जानेवारी २०२४ ला फेसलिफ्ट मिळाला, त्यात ३६० डिग्री कॅमेरा आला आणि मधला तो टचपॅड गेला. कॅमेरा आमच्यासारख्यांना देवासारखा आहे. आमच्या वाड्यावर यायचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूला चिऱ्यांचे गडगे, वर शेवाळ, आणि मध्ये एक पिलर कोणीतरी पुढे आणून ठेवलाय तो माझ्या जन्माच्या आधीपासून. क्रेटाच्या डाव्या दारावर त्या पिलरची सही आहे.

इंजिन दोन. जीएलए २०० म्हणजे १.३ लिटर टर्बो पेट्रोल, १६३ हॉर्सपॉवर. एवढीशी मोटर ऐकून नाक मुरडू नका, आहे चार सिलिंडरच आणि शहरात गुळगुळीत चालते, नवीन झुआरी पुलावर चढताना मात्र पाय जरा जास्त दाबावा लागतो आणि मग तिचा आवाज आत येतो. दुसरं २२०डी फोरमॅटिक, दोन लिटर डिझेल, १९० हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन मीटर टॉर्क, आठ गिअर आणि चारी चाकांना ताकद. ही गाडी मी जेमतेम वीस मिनिटं चालवली आणि खरं सांगतो त्या वीस मिनिटांनी माझा महिना खराब केला. खालून जो धक्का येतो ना, सिग्नलवरनं सुटल्यावर मागची मुलं बोलायची थांबली.

एक गंमत सांगायलाच हवी. मर्सिडीजचा गिअर स्टिअरिंगच्या उजव्या दांडीवर असतो आणि आपल्या मारुती ह्युंदाईत उजवी दांडी म्हणजे इंडिकेटर. मी पर्वरीला लेन बदलायला सवयीनं उजवी दांडी वर केली आणि गाडी न्यूट्रल. मागे कदंबाची बस. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तो अजून कानात आहे. बाकी दोघींत पण इंडिकेटर डाव्या हातालाच आहे, पण तिथे चूक झाली तर उन्हात वायपर फिरतो, एवढंच. सवय होते म्हणतात, होत असेल.

मग मागची सीट. आधीच्या जीएलएपेक्षा ही १० सेंटिमीटर उंच आहे त्यामुळे डोक्याला जागा बक्कळ, गुडघ्यापुढे पण जागा वाईट नाही, पण मी पुढची सीट माझ्या सवयीप्रमाणे खाली घेतली की तिच्याखाली पाऊल सरकत नाही, आणि ज्याचा गुडघा वाकत नाही त्याला पाऊल पुढे सरकवायलाच हवं. निरोगी माणसाला हे कळणारही नाही. युट्यूबवाल्यांना तर नाहीच नाही, ते सगळे पंचविशीतले.

किंमत हा दुसरा काटा. फेसलिफ्ट आली तेव्हा जीएलए २०० साडेपन्नास लाखापासून आणि २२०डी चं वरचं मॉडेल, एएमजी लाईन, ५६ लाख ९० हजार, सगळं एक्स शोरूम. त्यावर रोड टॅक्स, इन्शुरन्स, आणि ते पोरगं हळूच सरकवतं तो अॅक्सेसरीचा कागद. मला जी जीएलए हवी होती ती माझ्या बजेटच्या बाहेर आणि जी बजेटात बसत होती ती मला नको होती.

बीएमडब्ल्यू एक्स१. ही तिसरी पिढी, जानेवारी २०२३ ला आली, तेव्हा किंमत सुरू ४५ लाख ९० हजार. पहिल्या एक्स१ ला मागच्या चाकांची ताकद होती, लोक अजून त्याच आठवणीवर बोलतात, पण मागच्या पिढीपासून ही फ्रंट व्हील ड्राईव्ह आहे, आणि भारतात पेट्रोल डिझेल दोन्ही पुढच्याच चाकांवर. त्यामुळे कोणी "बीएमडब्ल्यू म्हणजे मागून ढकलते" असं चहाच्या गाड्यावर सांगायला लागला तर ऐकून घ्या आणि चहा प्या.

पेट्रोलवर माझा राग आहे, आधी तो काढून टाकतो. आधीच्या पिढीत दोन लिटरचं १९२ हॉर्सपॉवरचं पेट्रोल होतं. आता दीड लिटर, तीन सिलिंडर, १३६ हॉर्सपॉवर. शून्य ते शंभर ९.२ सेकंद. आकडा तसा वाईट नाही पण थंड असताना स्टार्ट केली की जो घरघर आवाज येतो तो ऐकून बायको म्हणाली, "ही पण मिक्सरसारखीच वाजते की." चालत्या गाडीत तो आवाज बराचसा मरतो, पण पन्नास लाखाच्या आसपास मोजून तीन सिलिंडर, मनाला पटत नाही. पणजीत ऑफिसला जाणं येणं आणि रविवारी मिरामार एवढंच करणाऱ्याला चालून जाईल.

डिझेल ही वेगळीच गाडी आहे. १८डी, दोन लिटर, १५० हॉर्सपॉवर आणि ३६० न्यूटन मीटर. कागदावर जीएलएच्या डिझेलपेक्षा कमी, पण रस्त्यावर कुठे कमी पडली असं मला तरी वाटलं नाही. म्हापशाहून निघालो, धारगळ, पेडणे, पत्रादेवी करून परत, पाच माणसं आत आणि एसी फुल, ट्रकला ओव्हरटेक मारताना पाय अर्धाच. मावसभावाला हायवेला सोळा सतराचं अॅव्हरेज मिळतं, कंपनी वीसच्या वर सांगते, कंपन्या सांगतातच. एक सूचना मात्र, रोजचं रनिंग चार पाच किलोमीटरचं असेल तर डिझेलच्या नादी लागू नका. आजकालच्या डिझेलला डीपीएफ असतो, सायलेन्सरमधली काजळी जाळायला त्याला अधूनमधून लांबची गरम फेरी लागते, नुसती घर ते बाजार केलीत तर तो चोंदतो आणि बिल बघून तुम्ही पण चोंदता. माझी बेळगावची फेरी आहे म्हणून मी निवांत.

आणि मागची सीट! बाबांनी दार उघडलं (हॅन्डल दाराच्या अंगातच बसवलंय, ते शोधण्यात अर्धा मिनिट गेला, ते सोडा), आधी बूड टेकवलं, मग पाय आत घेतले, आणि बसले. नुसते बसले. काही बोलले नाहीत. तीन गाड्यांत हीच एक जिच्यात ते काही बोलले नाहीत. सीटची उंची बरोबर खुर्चीएवढी, खाली बुडायला होत नाही आणि चढायला पण लागत नाही, पुढच्या सीटखाली पाऊल सरळ जातं. लांबी साडेचार मीटर आहे, जीएलएपेक्षा जवळ जवळ ९ सेंटिमीटर जास्त, ते सगळे आतच घातलेत असं वाटतं.

आता शिव्या. एसीची बटणं नाहीत. सगळं त्या वाकड्या स्क्रीनच्या आत. पूर्वी बीएमडब्ल्यूला मध्ये तो गोल नॉब असायचा, न बघता फिरवायचो, तो पण काढून टाकला. गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत काचेवर वाफ धरते आणि दर दहा मिनिटांनी ब्लोअर वर खाली करायचा असतो. घाटात समोर धुकं, बाजूला दरी, आणि मी स्क्रीनवर बोट शोधत बसणार? मावसभाव म्हणतो बोलून सांग, ऐकते. मी म्हटलं "टेंपरेचर बावीस कर", तिनं कोणाला तरी फोन लावायला घेतला. माझ्या इंग्रजीचा दोष असेल.

पण एक चीज अशी आहे की ती बाकी कोणीच सांगत नाही आणि गोव्यात तिचे पैसे वसूल आहेत. रिव्हर्सिंग असिस्टंट. गाडी पुढे जाताना शेवटचे ५० मीटर लक्षात ठेवते आणि बटण दाबलं की तशीच्या तशी स्टिअरिंग स्वतः फिरवत मागे येते, ब्रेक अॅक्सिलरेटर तुम्ही सांभाळायचा. आता विचार करा, वाड्यावरचा रस्ता, तुम्ही अर्ध्यात आणि समोरून पावाचा टेंपो. पावाचा टेंपो मागे जात नाही, हा नियम आहे. मी मावसभावाच्या वाड्यात मुद्दाम करून बघितलं, दोन गडग्यांच्या मध्ये, वळणासकट. पहिल्यांदा छातीत धडधडलं, हात स्टिअरिंगच्या एक इंचावर धरलेले. आली बरोबर मागे. एक माड होता रस्त्यात वाकलेला, त्याला पण चुकवून आली, कारण जाताना मी चुकवला होता.

सीटला मसाज पण आहे. लावला, गुदगुल्या झाल्या, बंद केला.

ऑडी क्यू३. शीटवर बघितलं तर ही सगळ्यात मागे. ऑगस्ट २०२२ ला आली, ४४ लाख ८९ हजारापासून, आणि युरोपात तर पुढची, तिसरी पिढी २०२५ च्या जूनमध्ये दाखवून पण झाली. म्हणजे आज घेणारा जुनी होत चाललेली गाडी घेतोय हे डोळे उघडे ठेवून घ्यावं. ३६० कॅमेरा नाही, मागचाच आहे. स्क्रीन १०.१ इंचाचा, आजच्या मानानं साधा. डिझेल नाहीच, ऑडीनं बीएस ६ हे धुराचे नियम आल्यापासून भारतात डिझेल बंदच केलं.

आणि तरी सांगतो, चालवायला तिघींत हीच.

दोन लिटर टर्बो पेट्रोल, १९० हॉर्सपॉवर, ३२० न्यूटन मीटर, क्वाट्रो म्हणजे चारी चाकं. शून्य ते शंभर ७.३ सेकंद. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मित्राकडनं चावी घेतली, साखळीहून केरी, आणि केरीहून चोर्ला. ज्यांनी पावसात चोर्ला केलाय त्यांना सांगायला नको. पाऊस असा की वायपर फुल स्पीडला पण मधल्या अर्ध्या सेकंदात काच पांढरी, रस्त्यावरनं लाल पाणी आडवं वाहतंय, वळणावर पानं पडून कुजलेली, आणि समोरून कर्नाटकातली भाजीची पिकअप आपल्या बाजूला. क्रेटाला अशा वळणावर जोर दिला की पुढची चाकं थोडी खरवडतात, स्टिअरिंग हातात हलकं होतं, ते मला आठ वर्षं पाठ झालंय, त्या ठिकाणी पाय आपोआप वर येतो. क्यू३ मध्ये पण तो आला. मग दुसऱ्या वळणाला मुद्दाम नाही उचलला. काही झालं नाही. गाडी नुसती गेली. अशी गेली की मला जरा रिकामं वाटलं, एवढ्या वर्षांची भीती फुकट बाळगली असं.

वर पोचल्यावर थांबून चहा घेतला. मित्र विचारतो कशी आहे, मी म्हटलं घेतो. तो म्हणाला पेट्रोलचं विचारलं नाहीस. विचारलं. घाटात सात आठ, हायवेला फार सांभाळून बारा. महिन्याच्या चार बेळगाव फेऱ्या डोक्यात आल्या आणि चहा कडू झाला.

क्यू३ च्या दोन गोष्टी बाकीच्यांनी शिकण्यासारख्या आहेत. एक, एसीला खरेखुरे फिरवायचे नॉब, ओल्या हातानं पण फिरतात. दोन, मागची सीट पुढे मागे सरकते आणि पाठ पण कलते. बूट ५३० लिटर, तिघींत मोठा. चवथीला आम्ही मूळ घरी पेडण्याला जातो, गणपतीच्या वर फळं बांधतात त्या माटोळीचं सामान फोंड्याच्या बाजारातनंच घेऊन, केळ्यांचा घड, सुपाऱ्यांचं शिपटं, नारळाची पेंड, तोरिंगं, काय काय, आणि शिवाय पाच माणसांच्या बॅगा. मी दुकानातनं सलाईनचे रिकामे खोके घेऊन जायचो प्रत्येक टेस्ट ड्राईव्हला, बूटमध्ये भरून बघायला. शोरूमवाले बघत राहायचे. क्यू३ त सहा गेले, एक्स१ त पाच आणि वर एक आडवा कोंबला तर, जीएलएत चार बसल्यावर मी नाद सोडला. खोक्यांचं माप सगळीकडे तेच होतं, एवढंच शास्त्र.

पण क्वाट्रोसाठी मागच्या चाकांना शाफ्ट जातो, त्याचा उंचवटा मागच्या सीटच्या बरोबर मध्ये. मधल्या माणसाला दोन्ही पाय दोन बाजूला टाकून घोड्यावर बसल्यासारखं बसावं लागतं. धाकटा म्हणाला मी बसतो, तो दहा वर्षांचा आहे, अजून चार वर्षांनी म्हणणार नाही. बाबा खिडकीकडे ठीक बसले, सीट पूर्ण मागे सरकवली तर. मग बूट कमी झाला. मग सहाचे पाच खोके.

इलेक्ट्रिकचं पण विचारतात सगळे म्हणून दोन ओळी. बीएमडब्ल्यूची आयएक्स१ लाँग व्हीलबेस जानेवारी २०२५ ला आली, ४९ लाख, म्हणजे पेट्रोल एक्स१ च्या जवळच. ६६.४ किलोवॅट अवरची बॅटरी, कंपनीचा आकडा ५३१ किलोमीटर, व्हीलबेस २८०० मिलिमीटर म्हणजे साध्या एक्स१ पेक्षा १० सेंटिमीटरच्या वर लांब. मागे बसलात तर शपथेवर सांगतो ड्रायव्हर ठेवावासा वाटतो. पण खाली बॅटरी असल्यामुळे जमीन जरा वर येते आणि मांडी सीटवर पूर्ण टेकत नाही. ते जमलं असतं. आमच्याकडे खरी अडचण लाईटची. जुनं घर, जुनं वायरिंग, आणि पावसात एक माडाचं झावळ पडलं तारेवर की रात्रभर काळोख. ज्यांचं नवीन घर आहे, पार्किंगला चार्जर लावता येतो आणि रोजचं जाणं येणं पणजी मडगाव एवढंच आहे त्यांनी मात्र पेट्रोल एक्स१ कडे बघायच्या आधी ही बघावी.

व्होल्व्होची पेट्रोल एक्ससी४० मला फार आवडायची पण ती आता नवीन मिळत नाही, राहिल्या इलेक्ट्रिक. संपलं.

फेरीबोटीची टेस्ट पण केली बरं का. एक्स१ घेऊन रविवारी रायबंदरहून चोडणला गेलो, मावसभावाचा जीव टांगणीला. ओहोटी होती, रॅम्प खाली झुकलेला, आणि उतरताना पुढचा ओठ घासतो की काय म्हणून बोटीवरचा माणूस पण वाकून बघत होता. तिरकी घेतली, हळू, नाही घासला. त्या माणसानं हातानं या या केलं आणि मग गाडीकडे बघून विचारलं, "कितें मेळटा ही?" मी म्हटलं मिळायची आहे अजून.

टायरचं सगळ्यांनी बघावं. या तिन्हींच्या वरच्या मॉडेलला मोठ्या रिमा आणि पातळ टायर असतात, फोटोत झकास. ओळखीतल्या एकाची (गाडी कुठली ते सांगत नाही) पावसात पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात गेली आणि टायरची बाजूच फाटली, रात्री साडेनऊला, तो टायर गोव्यात नव्हताच, बाहेरनं यायला चार दिवस. शोरूमात गेल्यावर आधी बूटचं कार्पेट उचला आणि खाली स्पेअर आहे की नुसती हवेची बाटली ते बघा. सनरूफ नंतर उघडा.

शोरूमांबद्दल पण बोलायचं आहे पण नावं घेत नाही. एका ठिकाणी टेस्ट ड्राईव्हची गाडी रिझर्व्हवर, सहा किलोमीटर झाल्यावर पोरगा म्हणतो सर, वळूया. दुसऱ्या ठिकाणी बाबांना घेऊन गेलो तेव्हा खुर्ची मागावी लागली. तिसऱ्या ठिकाणी सगळं छान, फक्त दर दोन दिवसांनी फोन, "सर, ह्या म्हयन्याची ऑफर सोंपता." ऑफर चार महिने संपत होती.

त्या फोनांना मी एका कारणानं टोलवत होतो. २०२५ च्या १५ ऑगस्टला ऐकलं की जीएसटी कमी होणार, तसं मी बुकिंग थांबवलं. आधी असल्या गाड्यांवर २८ टक्के आणि वर सेस म्हणजे जादा कर, मिळून ५० टक्क्यांपर्यंत जायचं, २२ सप्टेंबरपासून सेस गेला आणि सरळ ४० टक्के. लाखांत फरक पडला. तिन्ही कंपन्यांचे भाव खाली आले त्यामुळे आपापसातलं गणित तेच राहिलं, जीएलए डिझेल तेवढी जराशी आवाक्याजवळ आली. जराशीच. मी चष्मा काढून पण बघितलं, चष्मा लावून पण बघितलं, कोटेशनचा आकडा तोच.

इलेक्ट्रिकवर आधी पण ५ आणि आता पण ५, म्हणून तिथला फायदा आता तेवढा मोठा दिसत नाही, हे जाता जाता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घरात बैठक झाली. बायको जीएलए, कारण आतून तीच. मोठी मुलगी जीएलए, कारण लाईट. धाकटा क्यू३, कारण घाटात त्याच्या पोटात गोळा आला आणि ते त्याला फार आवडलं. मी मनातून क्यू३ आणि बुद्धीनं जीएलएचं डिझेल. एक्स१ कोणाचीच पहिली नव्हती. बाबा पेपर वाचत होते. विचारलं तुम्हाला कुठली, तर म्हणाले, "तुमका जाय ती घेयात, हांव कितलोसो बसतलों." म्हणजे तुम्हाला हवी ती घ्या, मी असा कितीसा बसणार.

आता ह्या वाक्याला उत्तर काय देणार.

एक्स१ डिझेल बुक केली. पांढरी, कारण लाल मातीचे शिंतोडे पांढऱ्यावर निदान खरे तरी दिसतात, काळ्यावर गाडी नुसती आजारी दिसते. बायको दोन दिवस स्क्रीनवर एसी कसा लावायचा याचे व्हिडिओ बघत होती, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. अॅक्सेसरीत फक्त रबरी मॅट घेतले, बाकी कागद परत दिला. पोरगा म्हणाला सर सिरॅमिक कोटिंग तरी. म्हटलं आमच्या गल्लीत ये आणि गडग्याला कर कोटिंग.

दिवाळीच्या आत मिळेल म्हणतात. काल टेप घेऊन फाटक मोजलं, आरसे मिटवले तर सरळ आत जाते, पण गल्ली अरुंद असल्यामुळे गाडी सरळ लागतच नाही, वळूनच आत घ्यावी लागते आणि मागचं चाक खांबाला टेकणार. डाव्या खांबाचे दोन चिरे काढायला लागतील. गवंडी शनिवारी येतो म्हणालाय. बाबा म्हणाले तो खांब त्यांच्या वडिलांनी बांधलेला, मग स्वतःच उठले, काठी घेऊन बाहेर आले आणि कुठले दोन काढायचे ते खडूनं खूण करून दिली.